रूथ, नाव तेवढं तुझ्या नावावर घे

वास्को,
रविवार रात्र

प्रिय रूथ,
प्रभूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

सकाळी उपासनेहून आलो तर मम्मी म्हणाली, रूथचा फोन येऊन गेला, पण पप्पांना द्यायचा नाही म्हणाली. बरोबर आहे तुझं. गुरुवारी मी तसं बोलायला नको होतं. तुझा मित्र चार महिने रात्री जागून, एक पैसा न घेता तुझी कार्डं-मूर्ती विकायची वेबसाइट उभी करतो, आणि मी काय विचारतो, तर साइटचं नाव, ते डोमेन, कुणाच्या नावावर घेतलंय. ‘तुम्ही सगळ्यांनाच चोर समजता,’ म्हणालीस. तसं नाही ग. आज त्या विषयावर अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

साइट मी तीनदा पाहिली. पहिल्यांदा मम्मीच्या फोनवर, गच्चीत उभं राहून, घरातलं नेटवर्क तुला ठाऊकच आहे. वरचा तो गोठ्याचा फोटो अर्धा उमटला आणि तिथंच अडला. मम्मी म्हणाली, ‘योसेफाचं डोकं आलं, पाय कधी येणार?’ आम्ही हसलो, पण गिऱ्हाईक हसत उभं राहत नाही. फोटो हलके करून टाक. पहिल्या पानावर ‘आमची दृष्टी’, ‘आमचं सेवाकार्य’, आणि कार्डाची किंमत सापडेपर्यंत मला चार पानं उघडावी लागली. कार्ड केवढ्याला, नागपूरला किती दिवसांत पोचेल, मूर्ती फुटून आली तर काय, हे आधी सांग. तुझ्या विश्वासाची साक्ष ‘आमच्याविषयी’मध्ये ठेव. ती मम्मीला वाचून दाखवत होतो, शेवटचा परिच्छेद मला जमला नाही. तिनंच वाचला.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायाचं कार्ड मात्र उत्तम. ‘शब्द’ मधला तो ‘ब्द’ असा बसवायला माझ्या कंपोझिटरला जमला नसता. पण वचन नुसतं चित्रात आहे. त्याखाली तेच साध्या युनिकोडमध्ये टाईप कर, नाहीतर मराठीत शोधणाऱ्याला तू सापडायची कशी? आणि ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो त्यांच्यासाठी तिथं काहीच नाही. भाषांतर कुठलं तेही बघ. बायबल सोसायटीच्या आताच्या भाषांतराचे हक्क त्यांच्याकडे आहेत, विकायच्या कार्डावर छापायचं तर लेखी परवानगी माग. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, त्यांच्या बायबलच्या भाषांतराला ती अडचण नाही. लेखकाच्या पश्चात ६० वर्षांनी हक्क संपतो.

बघ, लागलो शिकवायला. माफ कर. तू विचारलं नव्हतंस.

आपल्या छापखान्याचं तुला अर्धंच माहीत आहे. १९९३ चा डिसेंबर, ४०० नाताळची कार्डं पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर काढून फळ्यांवर वाळत ठेवली होती. सकाळी गेलो तर दाराला नवं कुलूप. खिडकीच्या गजांतून कार्डं दिसत होती, वरच्याच कार्डावर माझ्या अंगठ्याचा डाग. मम्मीला सातवा महिना होता. मावशीच्या बांगड्या कुठं गेल्या ते तू कधी विचारलं नाहीस. भागीदार चोर नव्हता ग. त्याचा भाऊ गेला, देणी आली, त्यानं जागा विकली. भाडेकरार त्याचा, बोर्ड त्याचा, वीजबिल त्याच्या नावावर. विकता आलं, कारण कागदावर सगळं त्याचंच होतं. माझे फक्त हात होते.

म्हणून विचारलं. नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं मला समजावलं. साइटची जागा भाड्याची, ती बदलता येते, पण नाव मुदतीआधी पैसे भरून पुढं चालू ठेवावं लागतं, आणि त्याची सूचना जाते नोंदीत ज्याचा ई-मेल आहे त्याला. तुझ्या मित्राला उद्या दुबईला नोकरी लागली, जुना ई-मेल त्यानं उघडलाच नाही, मुदत टळली आणि सवलतीचे दिवसही गेले, की ते नाव कुणीही घेऊ शकतं. तोवर ते तुझ्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर छापलेलं असणार. तो मुलगा देवमाणूस असला तरी हे होऊ शकतं.

अक्षर लिहायचं नाही म्हटलं होतं ना? लिहिलं.

तुला रायतूरला, म्हणजे राशोलला, नेलं होतं, चौथीत होतीस. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ तिथं १६१६ साली छापलं, भाषा मराठी आणि अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे, छपाईची धातूची अक्षरं, नव्हते. तू म्हणालीस, ‘मग दाखवा ना ते पुस्तक.’ मी म्हटलं, छापलेली प्रत आज कुठं सापडत नाही, लोकांनी हातानं उतरून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. परतीच्या बसमध्ये तू गप्प. घरी आलीस आणि स्तोत्रांच्या पुस्तकातली सात गाणी वहीत उतरवून काढलीस, पुस्तक हरवलं तर असावीत म्हणून. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. साइटचीही तशी प्रत काढ, सगळा मजकूर, मूळ फोटो, गिऱ्हाइकांचे पत्ते. घरच्या डिस्कवर, आणि एक इथं पाठव.

मंडळीत काल पाळकसाहेबांना तुझी कार्डं दाखवली. त्यांनी विचारलं, कुणाची? मी जरा मोठ्यानंच सांगितलं.

पार्सलमध्ये मम्मीचा दोदोल आहे. त्याच्याखाली कागदात दोन खिळे आहेत, ‘रू’ आणि ‘थ’. छापखान्याचे खिळे नंतर भंगारवाल्याकडे किलोनं मिळाले, त्यातले. उलटे दिसतील, शाईच्या पॅडवर टेकवून बघ. ‘थ’चा कान जरा झिजलाय.

जेवत जा वेळेवर.

तुझे
पप्पा

ता.क. नोंदीत कुणाचा ई-मेल आहे, तेवढं मम्मीला कळवलंस तरी चालेल.