सभागृहात काय बोललात ते आम्हाला पण कळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.
अधिवेशन आलं की आमदार पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर जोरात बोलतात, विरोधक म्हणतात बोलायला वेळच देत नाहीत आणि सत्ताधारी म्हणतात हेच सभात्याग करून जातात, दोघांचं थोडं थोडं खरं असेलही पण आमच्या प्रश्नाचं काय? सोलापूर जिल्ह्यातून विधानसभेत 11 आमदार जातात. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, तरी आमच्या घरी नळाला रोज पाणी नाही, आई अजून रात्री उठून घागरी भरते, मोटर लावायची, पाइप धरायचा, सकाळी परत कामावर. यावर लक्षवेधी, म्हणजे मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना, कोणी लावली, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे प्रत्येक आमदाराने अधिवेशन संपल्यावर वॉर्डात येऊन सांगावं की हो.

– एक वाचक, सोलापूर