सुतारकाका, त्या तांदळाएवढ्या जागेसाठी

सुतारकाका,
सादर नमस्कार.

आईनं घर ओळखलं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण चार लोकांना कळावं म्हणून लिहितोय.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं आमचं जुनं कौलारू घर पाडलं, तेव्हा निघालेल्या सागवानातूनच मी त्याचं एकास वीस मापाचं मॉडेल केलं. सहा फुटांचं दार नऊ सेंटिमीटरचं. मापं चोख बसली, पण जुनं लाकूड चिरलं की आतून नवंच निघतं. घर कालच बांधल्यासारखं दिसायचं. शहरातल्या एका नावाजलेल्या मॉडेलवाल्यानं ‘जुना लूक देतो’ म्हणून पैसे घेतले आणि सगळ्यावर एकच काळपट पॉलिश फासून दिलं. वर आईलाच ऐकवलं, “जुनं म्हणजे काळंच असतंय की!” आई काही न बोलता आत गेली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही पॉलिश खरवडायला घेतलंत आणि आधी विचारलंत, झड कुठल्या अंगानं यायची? उन्हानं लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि उरलेले धागे राखाडी दिसतात, एवढं मी वाचलं होतं. पण पश्चिमेच्या फळ्या राखाडी, वळचणीखालच्या तपकिरीच आणि पागोळ्यांचं पाणी उडून खांबांचे बुडखे काळे, हे तुम्ही दाखवलंत. गंजके खिळे भिजवलेलं व्हिनेगर लावल्यावर सागवान डोळ्यांदेखत करडं पडत गेलं.

पण काका, माझ्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. सगळं झाल्यावर तुम्ही आईला विचारलंत, “अक्का, उंबरा ओलांडताना हात कुठं टेकायचा?” तिनं बोट ठेवलं: चौकटीची उजवी बाजू, कडीच्या जरा वर. तिथला करडा रंग बारीक पॉलिश पेपरनं काढून, करंगळीवर खोबरेल घेऊन तुम्ही तेवढीच जागा चोळत बसलात. जेमतेम तांदळाएवढी. ती तुकतुकीत तपकिरी झाली तशी आई म्हणाली, “सासूबाईंचा पण हात तिथंच असायचा.”

ज्या घरात आपण कधी पाऊल ठेवलं नाही, तिथल्या बाईचा हात कुठं टेकायचा हे विचारावंसं वाटणं, याला मोठं मन लागतं. तेवढ्यात बैलगाडीचं जू घेऊन आलेल्या आजोबांचंही तुम्ही तितक्याच निवांतपणे ऐकून घेतलंत, त्यांच्याशी कानडीत बोलत. आपल्या सीमाभागाबद्दल भांडणंच फार ऐकू येतात. तुमच्यासारख्यांची दारं कुणाला दिसत नाहीत, याचं वाईट वाटतं.

आता गोठा करायचा राहिलाय. गव्हाणीचं माप आईला तोंडपाठ आहे. नागपंचमी झाली की लाकूड घेऊन येतो. गाईंनी अंग घासून कुठले खांब गुळगुळीत केले होते, तेही तिला विचारून ठेवतो.

तुमचा,
अक्कांचा मुलगा