गॅस चेंबर कुठल्या छावणीत, हे आधी विचारा

महोदय,

होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला साठ लाख ज्यूंचा संहार, नाकारणारा प्रत्येक जण हिटलरचा भक्तच असतो, हा समज सोयीचा आहे, खरा नाही. फ्रान्समध्ये या नकाराचा पाया घातला तो पॉल रासिनिए या समाजवादी, युद्धविरोधी शिक्षकाने. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात तो १९४३ साली पकडला गेला आणि बुखेनवाल्ड व डोरा या छावण्यांतून जिवंत परतला.

या छावण्यांत कैद्यांच्या अंतर्गत कारभारावर कम्युनिस्ट कैद्यांची पकड होती. युद्धानंतर फ्रान्समध्ये कम्युनिस्टांचा दबदबा वाढला, तेव्हा रासिनिए लिहू लागला की हालअपेष्टांना छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलापेक्षा हे कैदी-मुकादमच जास्त जबाबदार. तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण मग सुटून आलेले इतर कैदी फुगवून सांगतात, असे त्याने म्हटले. १९५० च्या पुस्तकात ‘गॅस चेंबर असतील थोडेफार’ इतपत कबुली होती. साठच्या दशकात तीही उरली नाही आणि दोष ज्यूंवर आला. जर्मनी इतर देशांइतकीच दोषी, हे त्याच्या शांततावादाला सिद्ध करायचे होते आणि त्या वाटेत साठ लाख मृत आडवे येत होते.

त्याच्या युक्तिवादातली खोट साधी आहे. ‘मी आत होतो, मला गॅस चेंबर दिसला नाही.’ दिसणार कसा? या दोन्ही छावण्या जर्मनीतल्या. डोरात बोगद्यात व्ही-२ रॉकेटे बनवून घेत. माणसे मरत ती उपासमारीने, रोगाने, कामाच्या जाचाने. ज्यूंना गॅसने मारण्याची केंद्रे व्याप्त पोलंडमध्ये होती: हेल्मनो, बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका, माइदानेक, आउश्वित्झ-बिर्केनाउ. तेव्हा असा दावा समोर आला की पहिला प्रश्न छावणीच्या नावाचा विचारावा. निम्मे दावे तिथेच गळतात.

रासिनिएचा वारसा साहित्याचा प्राध्यापक रोबेर फोरिसाँने उचलला. त्याची पुस्तके छापायला पुढे आला तो अतिडावा प्रकाशक पियेर गियोम. फॅसिझम आणि भांडवली लोकशाही एकाच माळेचे मणी मानले, की त्या दोहोंतला गॅस चेंबरचा फरक नकोसा होतो. रोजे गारोदी हा कम्युनिस्ट पक्षाचा एकेकाळचा बडा नेता १९९५ मध्ये इस्रायलविरोधातून तिथेच पोहोचला. १९९८ मध्ये न्यायालयाने त्याला शिक्षा केली. इस्रायलच्या धोरणांवर कितीही कडक टीका करता येते. त्यासाठी १९४२ च्या मृतांना हात लावावा लागत नाही.

पुढे रसायनशास्त्र येते. आउश्वित्झमध्ये कपड्यांतल्या उवा आणि माणसे मारायला एकच सायनाइड वायू वापरत. नाकारणारे म्हणतात: उवा मारण्याच्या खोल्यांच्या भिंतींत सायनाइड भरपूर, गॅस चेंबरच्या अवशेषांत नगण्य, म्हणून खून झालेच नाहीत. कारण उलटे आहे. उवा मारायला माणसापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वायू आणि अनेक तास लागतात. माणूस दहा लाखांत सुमारे ३०० भाग एवढ्या प्रमाणातही काही मिनिटांत मरतो. शिवाय ती स्फोटांनी उद्ध्वस्त झालेली बांधकामे दशकानुदशके पावसात होती.

फोरिसाँच्या गोटात वावरलेला झाँ-क्लोद प्रेसाक हा फ्रेंच औषधविक्रेता मात्र आउश्वित्झच्या बांधकाम खात्याचे कागद स्वतः तपासायला गेला. तिथे फेब्रुवारी १९४३ ची एक तार आहे: शवदाहगृह क्रमांक दोनसाठी दहा गॅसमापके हवीत. नाकारणारे म्हणतात तसे तिथे नुसते शवागार असेल, तर ती कशाला लागतील? प्रेसाकने फोरिसाँशी संबंध तोडले आणि १९८९ मध्ये या कागदांवर ग्रंथ छापला.

– इतिहासाचे एक अध्यापक, पुणे