मावशी, त्या दिवशी तुम्ही वाचन अर्धवट सोडलंत त्याबद्दल

सलाम मावशी,

मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला लागत नाहीत म्हणून तुमच्या नातीला सांगितलंय की हे सगळं आजीला वाचून दाखव. समोर बसून मला हे बोलता येणार नाही, मी दोनदा ठरवून तुमच्या घरी आले आणि चहा पिऊन परत गेले.

ऑगस्टमध्ये मी हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा मला आठवा महिना संपत आला होता आणि हातात काही नव्हतं. मुलगी होती. अंगावर दूध उतरत होतं आणि पाजायला कोणी नव्हतं. त्या दिवसात आपल्या नगरातली कितीतरी माणसं घरी येऊन गेली, चर्चच्या मंडळीतली, नात्यातली, आणि प्रत्येकाकडे बायबलमधलं एक वचन तयार होतं. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय, अठ्ठावीसावं वचन, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. ते मला इतक्यांदा ऐकवलं गेलं की शेवटी मी डोळे मिटून घ्यायला लागले, लोकांना वाटलं मी प्रार्थना करतेय. एकीने विचारलं, प्रार्थनेत कुठे कमी पडलात का गं. एक वडीलधारे म्हणाले देवाला फूल हवं होतं त्याने तोडून नेलं. मावशी, मी आज हे स्पष्ट लिहिते, मला त्यांचा राग आहे. वचन खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्याच पत्रात चारच अध्याय पुढे पौल म्हणतो की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, तेवढं पान उलटायला कोणालाच का जमलं नाही? बायबलमधल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र निदान सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, चुकले ते नंतर, तोंड उघडल्यावर. आमच्याकडे सात मिनिटं कोणी गप्प बसलं नाही.

मग तुम्ही आलात, दुपारी, एकट्याच. हातात बायबल आणि पिशवी. मला वाटलं आता परत तेच. तुम्ही 1 राजे 19, एलीया संदेष्ट्याचा अध्याय, काढलं आणि वाचायला लागलात, तुमच्या पद्धतीने, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द. तुमच्या आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या, तिथे वाचायला शिकल्या आणि त्यांनी तुम्हाला असं बोट धरूनच शिकवलं, हे तुम्ही मला मागे कधीतरी सांगितलं होतं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल मराठीत करत बसल्या, 1922 साली जाईपर्यंत त्याच कामात होत्या. तुमचं ते बोट बघितलं की मला वाटतं त्या माऊलीचे कष्ट फुकट गेले नाहीत.

तर एलीया. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, बैरशेबाला चाकराला ठेवून एकटाच रानात दिवसभर चालत गेला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. हे ऐकताना मी पहिल्यांदा डोळे उघडले, कारण हेच मी रोज रात्री म्हणत होते आणि ते बायबलमध्ये लिहिलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मग तो झोपला, दूताने त्याला हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा.

आणि तुम्ही थांबलात. पुढे वाचलंच नाहीत. त्या ओळीवर बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघितलंत, मग चष्म्याची काडी पानात घालून पुस्तक मिटलंत आणि स्वयंपाकघरात गेलात. पिशवीतून बाजरीची भाकरी काढलीत, पिठलं गरम केलंत, ताटात कुस्करून माझ्यापुढे ठेवलंत. प्रवचन नाही, शेवटी प्रार्थनासुद्धा नाही. मी चार घास खाल्ले आणि तिथेच झोपले. उठले तेव्हा तुम्ही गेला होतात, भांडी घासून ठेवलेली होती आणि बायबल तसंच चष्म्यासकट टेबलावर होतं.

चष्मा ठेवून गेलात म्हणजे उद्या येणार, हे मला कळलं. खरंच आलात आणि पुढची ओळ वाचलीत, की दूत दुसऱ्यांदा आला, परत म्हणाला ऊठ, खा, कारण वाट लांबची आहे. परत भाकरी.

नंतर मी तो अध्याय स्वतः कितीदा वाचला. देव एलीयाशी बोलतो ते सगळं नंतर, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब डोंगराला पोचल्यावर, आणि तेव्हाही वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, हळू आवाजात. पण आधी काय दिलं तर निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाणी आणि झोप. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तेच आहे. प्रभू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून मासळी आणि भाकर घेऊन थांबलाय, रात्रभर जाळं टाकून दमलेल्यांना म्हणतो या, न्याहारी करा, आणि पेत्राला, माझ्यावर प्रीती करतोस का, हा अवघड प्रश्न विचारतो तो त्यांचं खाऊन झाल्यावर. याआधी हे मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं सुद्धा आहे, पण मला दिसलं नव्हतं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मात्र मी खूप दिवस टाळत होते. याईराची मेलेली मुलगी. तिला प्रभू म्हणाला ऊठ आणि ती उठली, माझी नाही उठली, आणि याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, कोणी देऊ पण नये. नाताळच्या आधी एकदा धीर करून वाचला. शेवटची ओळ काय आहे माहितीये मावशी, तुम्हाला माहीत असणारच. तिला काहीतरी खायला द्या. मी खूप रडले त्या दिवशी, पण पहिल्यांदा रडून हलकं वाटलं.

आमच्या समोरच्या ताई ख्रिस्ती नाहीत, पण त्यांनी पंधरा दिवस माझ्या सासूबाईंच्या गोळ्या आठवणीने दिल्या आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. अशी माणसं आहेत म्हणून घरं उभी राहतात. तुम्हाला मला एवढंच सांगायचं होतं की मी तुमच्या भाकरीवर किती दिवस चालले ते तुम्हाला माहीत नाही.

आणि एक. स्टेशन रोडला आपल्या ओळखीतल्या त्या मुलीचं कळलंच असेल, तिचं पण तसंच झालंय, पाचव्या महिन्यात. गुरुवारी दुपारी मी जाणार आहे. तुम्ही याल का सोबत? वाचायचं तुम्ही, भाकरी मी करून आणते.