गाडीत टॅब बसवून देणाऱ्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, तो पाना दे इकडे" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय. बाकीच्यांसाठी सांगतो, हे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर आहेत, पण बिल्डिंगमध्ये कोणाचंही बॉनेट उघडलेलं दिसलं की चपला घालून खाली हजर.

माझी वॅगन आर सेकंडहँड. आधीच्या मालकाने कुठूनतरी सीटखाली ॲम्प (स्पीकरचा आवाज वाढवणारा डबा) बसवून घेतलेला, स्पीकर मात्र कंपनीचेच, आणि मला जुना स्टिरिओ काढून त्या जागी घरात पडून असलेला आठ इंची टॅब बसवायचा होता, म्हणजे नकाशा मोठा दिसेल आणि गाणी पण त्यावरूनच. दुकानात गेलो तर पहिला प्रश्न "बास किती पाहिजे?" (बास म्हणजे गाण्यातला जाड, घुमणारा आवाज) आणि लगेच डिकीत बारा इंची वूफरचा, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरचा भाव. तुम्ही ते कोटेशन बघितलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणालात, आधी आहे ते उघड.

उघडलं तर काय, बॅटरीपासून ॲम्पपर्यंत गेलेल्या वायरला फ्यूजच नाही! आणि ती वायर पत्र्याच्या भोकातून तशीच उघडी आत घेतलेली. तुम्ही ब्लेडने तिची एक तार खरवडून दाखवलीत, वरून तांबं आणि आत पांढरं फटक ॲल्युमिनियम. तेव्हा जे बोललात ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, "फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो रे, वायरला वाचवायला असतो." पत्र्यावर घासून वायर सोलली की बॅटरीचा सगळा करंट थेट बॉडीत, मग गाडी पेटायला कितीसा वेळ लागतो. तुम्ही तिथेच माझ्याकडून हिशोब करून घेतलात, चार चॅनल (एकेका स्पीकरला एक) गुणिले ५० वॅट म्हणजे २००, ॲम्प जवळपास तेवढेच उष्णतेत घालवतो म्हणजे ४००, भागिले १२ व्होल्ट, तेहतीसच्या आसपास अँपिअर, गाणं काही सतत फुल वाजत नाही म्हणून ३०चा फ्यूज, तो पण बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत. तपकीर गल्लीतून खऱ्या तांब्याची ८ गेज (जाडीचं माप) वायर आणायला लावलीत आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून कडी, घातलीत. यातलं काहीच गाडीत बसल्यावर दिसत नाही, फोटो काढून स्टेटसला टाकण्यासारखं तर अजिबातच नाही.

मग दारं. मला वाटलेलं नवीन साडेसहा इंची स्पीकर स्क्रूने बसवले की झालं काम. तुम्ही दाराचं पॅनल काढून पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलंत, आवाज आला रिकाम्या डब्यासारखा. स्पीकर जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागे पण ढकलतो, आणि दाराला मोठी भोकं असली की मागचा आवाज पुढे येऊन बासलाच खातो, हे तुम्ही स्पीकरपुढे हात धरून समजावलंत. म्हणून भोकं बंद करायची, पत्र्याला ब्युटाइलची (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट रबराची) शीट चिकटवायची, खाली पाणी निघून जायची भोकं मात्र सोडायची. रोलर नव्हता तर तुम्ही सरळ घरात जाऊन काकूंचं लाटणं घेऊन आलात (काकू, त्या दिवशीच्या पोळ्यांबद्दल सॉरी). हेअर ड्रायरने शीट गरम करायची आणि लाटण्याने दाबत जायचं. नंतर परत टकटक केलं तर नुसतं ठप्प! डिकीतला वूफर अजूनही घेतलेला नाही आणि घ्यावासा वाटत पण नाही.

सगळं जोडल्यावर ती कुईंऽऽ आली तेव्हा माझा धीरच सुटला होता. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. तुम्ही काय केलंत तर टॅबचं चार्जिंग काढलंत, शिट्टी गायब, परत लावलंत, हजर. मग मीटर काढून गाडी चालू ठेवून अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या वायरी, तपासायला बसलात. टॅबच्या १२ ते ५ व्होल्ट कन्व्हर्टरची अर्थिंग डॅशमागे, ॲम्पची सीटखाली एका रंगवलेल्या बोल्टला, दोघांत फरक, आणि तो फरक भरून काढायला अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) आवाज ऑडिओच्या वायरमधून फिरतोय. मी ऑनलाइन आयसोलेटर (ऑडिओच्या वायरमध्ये बसवून अशी शिट्टी अडवणारा डबा) मागवायला निघालो होतो, तुम्ही म्हणालात स्वस्तातला आयसोलेटर बास पण खाईल. पॉलिश पेपरने बोल्टखालचा रंग पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलात, दातेरी वॉशर टाकलात आणि दोन्ही अर्थिंग त्याच एका जागी आवळल्या. ऑडिओची वायर पॉवरच्या बाजूने काढून दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी गेली ती गेलीच.

टॅबच्या फ्रेमवरून मात्र आपलं चांगलंच वाजलं. मला फिक्स पाहिजे होता, एकदम कंपनी फिटिंगसारखा, आणि तुमचं एकच, पुण्याच्या मे महिन्यात काचा बंद करून उन्हात गाडी उभी राहणार, आत लिथियमची बॅटरी, फुगली तर कोण बघणार? तुमचंच बरोबर होतं, हे कबूल. स्टिरिओचा कप्पा १८ बाय १० सेंटिमीटरचा, टॅब त्याहून मोठा, म्हणजे तो वरून झाकूनच बसणार. माझ्या पुठ्ठ्याच्या पहिल्या नमुन्यात हझार्डचं (चारही इंडिकेटर एकदम लावायचं) बटण झाकलं जात होतं, तो तुम्ही तिथल्या तिथे फाडलात. शेवटी वरून सरकवून काढता येईल अशी फ्रेम झाली, कडेला एम-सील, घासून मॅट काळा स्प्रे. आता गाडी लावली की टॅब काढून पिशवीत. कन्व्हर्टर पण चावीवर घेतलात, म्हणजे गाडी बंद असताना रात्रभर बॅटरी खात बसायला नको.

आणि तुमचा तो प्रश्न, "यावर विविध भारती कशी लागणार?" लागते काका, प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर ॲप टाकलंय, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं. रेंज गेली की मात्र गप्प होतं, तिथे तुमचा खिशातला ट्रान्झिस्टरच भारी, मान्य. व्हिडिओची ॲप तुमच्यासमोरच काढून टाकली होती, अजून परत टाकलेली नाहीत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, मिठाईचा पुडा पण वॉचमनला देऊन टाकलात, त्यामुळे हे पत्र तरी ठेवून घ्या. मागची दोन दारं राहिलीत, शीट शिल्लक आहे. रविवारी ऊन चढायच्या आत गाडी खाली लावतो, रोलर या वेळी मी आणलाय.