शारजातला तो सामना आपण हरलो होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तटस्थ ठिकाणी होणाऱ्या क्रिकेट मालिकांवर लेख आला आहे. त्यात 'वाळूच्या वादळात सचिनने भारताला सामना जिंकून दिला' असं वाक्य आहे. तो सामना आपण हरलो होतो. २२ एप्रिल १९९८. ऑस्ट्रेलियाच्या २८४ धावा, वादळाने खेळ थांबल्यावर आपल्याला ४६ षटकांत २७६ चं लक्ष्य, आणि मालिकेतला तिसरा संघ न्यूझीलंड, त्याला मागे टाकून अंतिम फेरीत जायला २३७ पुरेशा. सचिनने १४३ काढल्या, आपण २५० वर थांबलो. हार २६ धावांनी. अंतिम फेरी गाठली एवढं खरं.

वार बुधवार होता. हे मला पुस्तकात बघावं लागत नाही, कारण त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. १९८३ ते २००१ मी शारजात एसी मेकॅनिक होतो. वादळ आलं तेव्हा एका इमारतीच्या गच्चीवर कॉम्प्रेसर बदलत होतो. तोंडाला रुमाल बांधून जिन्यात येऊन बसलो, तर वॉचमनच्या खोलीत टीव्ही चालू. लोकांना त्या वादळातून सचिनची खेळी आठवते. मला पुढचे दोन दिवस आठवतात. वाळू कॉइलमध्ये बसली की एसी थंड करत नाही, सगळ्या गावातून एकदम तक्रारी येतात. गुरुवारी रात्री अकरापर्यंत ब्लोअर मारत होतो, का तर शुक्रवारची सुट्टी कोणी अडवू नये. शुक्रवारी फायनल होती.

लेखकांनी शुक्रवारच्या अपशकुनाचाही उल्लेख केला आहे. शारजात शुक्रवार म्हटला की भारत हरणार, असं आम्हीही म्हणायचो. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला जिंकून देणारा मियाँदादचा षटकार १८ एप्रिल १९८६ चा, शुक्रवार. पाकिस्तानच्या आकिब जावेदने शास्त्री, अझरुद्दीन आणि सचिनला ओळीने पायचीत केलं तो २५ ऑक्टोबर १९९१, तोही शुक्रवारच. पण २२ मार्च १९८५ ला १२५ धावांत गारद होऊन आपण पाकिस्तानला ८७ मध्ये गुंडाळलं, तोही शुक्रवार होता. (इम्रानचे सहा बळी झाल्यावर आमच्यातले अर्धे जण उठून मेसमध्ये जेवायला गेले. ते अजून हळहळतात. मी थांबलो आणि गावसकरचे चार झेल पाहिले.) शकुनाचं काही नाही, तेव्हा तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. स्टेडियम भरायचं तर मोठा सामना शुक्रवारी ठेवायला हवा, इतकं साधं गणित.

आता मूळ मुद्दा. 'तटस्थ ठिकाणी ना कोणाचं घर, ना कोणाची माती. सगळा खेळ टीव्हीसाठी' असं लेखात म्हटलं आहे. टीव्हीचा धंदा होता, नाही म्हणत नाही. पुढे मॅच-फिक्सिंगच्या संशयाचं धुकं दाटलं आणि २००० नंतर भारतीय संघ तिथे एकदिवसीय सामना खेळलेला नाही. पण हे स्टेडियम आहे इंडस्ट्रियल एरियात, गॅरेज आणि गोदामांच्या मधोमध. आमची खोली तिथून चालत पंचवीस मिनिटांवर. आठ जण राहायचो. तिघे कोकणातले, बाकी केरळ, पाकिस्तानकडचं मीरपूर, बांगलादेशातलं चितगाव. दोन-दोन वर्षं गावाचं तोंड दिसायचं नाही. जुम्म्याची नमाज पढून, डब्यात भात घेऊन आम्ही निघायचो ते ज्या मैदानाकडे, ते आमचं नाही तर कोणाचं? वानखेडे मी आजवर आतून पाहिलेलं नाही.

मियाँदादच्या षटकारावर लिहून लिहून कागद संपले असतील, मी भर घालत नाही. फक्त दुसऱ्या दिवशीचं सांगतो. खोलीतला मीरपूरचा क्रेनवाला रोज मला साइटवर सोडायचा. त्या सकाळी वाटभर एक शब्द बोलला नाही. उतरताना म्हणाला, 'आज चहा माझ्याकडून.' हरल्याचं दुःख मला त्या चहाने जास्त झालं.

आणि तटस्थ माणूस म्हणाल तर तोही मी पाहिला आहे, एकच. १९९८ च्या त्या फायनलला आमच्या शेजारी कॅम्पमधला एक अफगाण गवंडी बसला होता. सचिनचा पंचविसावा वाढदिवस, त्याने १३४ केल्या, आपण सहा गडी राखून चषक घेतला, आम्ही खुर्च्यांवर उभे. हा मात्र दोन्ही संघांच्या चौकारांना सारख्याच टाळ्या देत होता. विचारलं, 'खान, तू कोणाचा?' तर म्हणाला, 'आमची टीमच नाही. मी कोणाचा होऊ?'

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अफगाणिस्तानचा फिरकी गोलंदाज रशीद खान जन्मला. माझा मुलगा आता शारजात नोकरीला आहे. २० सप्टेंबर २०२४ ला त्याने स्टेडियममधून मला व्हिडिओ कॉल लावला. अफगाणिस्तान विरुद्ध दक्षिण आफ्रिका. अफगाणांना मायदेशी सामने भरवता येत नाहीत, म्हणून त्यांची 'घरची' मालिका शारजात. रशीदचा सव्विसावा वाढदिवस होता. गुरबाझचं शतक झालं, रशीदने १९ धावांत पाच बळी घेतले, १७७ धावांनी जिंकले आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धची मालिका पहिल्यांदाच खिशात घातली. वारही शुक्रवारच! फोनवर खेळ नीट दिसत नव्हता, म्हणून मुलाला सांगितलं, कॅमेरा पब्लिककडे फिरव. डोक्याला कापड गुंडाळलेले, झेंडे अंगावर घेतलेले लोक नाचत होते. पांढऱ्या दाढीचा एक दिसला. आमचा खान असेल असं नाही, तरी मुलाला म्हटलं, जरा जवळ ने. तेवढ्यात नेट गेलं.

आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी कॅमेरा असा एकदा फिरवावा, एवढी विनंती. आणि २६ धावांच्या पराभवाची दुरुस्ती तेवढी छापा. आमच्या नाक्यावर त्यावरून दोन दिवस भांडण चालू आहे आणि समोरचा तुमचं कात्रण दाखवतो.

आपला,
एक निवृत्त एसी मेकॅनिक
दापोली, जि. रत्नागिरी