आमचे मोबाईल कुठल्या बाजारात मोजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमेलगतच्या, पण कर्नाटकात असलेल्या निपाणीत माझे रिचार्जचे छोटे दुकान आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघणाऱ्यांची बाजारपेठ वाढते आहे, असे आपल्याकडे अधूनमधून छापून येते. ती वाढ मी काउंटरमागून पाहिली. पूर्वी गिऱ्हाईक मेमरी कार्ड घेऊन यायचे, ‘भजनं आणि दोन पिक्चर भरून द्या’ म्हणायचे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, फुकट डेटा वाटला आणि माझा तो धंदा वर्षभरात बसला. (सरळ धंदा नव्हताच तो, म्हणून फार रडत नाही.)

आता विड्या वळणाऱ्या बायका सुपाच्या कडेला मोबाईल टेकवून मालिका बघतात. बघतात कसल्या, ऐकतात. नजर पानावरच असते. पोरे कुस्तीचे मैदान थेट बघतात. जुलै 2024 मध्ये 239 चे पॅक 299 झाले तेव्हा लोकांची बोलणी मी खाल्ली, पण रिचार्ज कोणी सोडला नाही. पॅक 28 दिवसांचे, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज. घरात चार मोबाईल असतील तर पंधरा हजारांच्या वर जातात.

एवढे मोजून कीर्तन लावावे, तर मध्ये जाहिरात कन्नड. मला कन्नड येते, भाषेशी भांडण नाही. पण कोल्हापूर तासाभरावर असून तिथल्या नाटकाची जाहिरात आमच्या मोबाईलवर येत नाही. परवा एक प्रयोग होऊन गेल्यावर कळला. ऑनलाइन जाहिरात देणारा आधी जागा निवडतो. पुण्याचा निर्माता ‘महाराष्ट्र’वर खूण करतो आणि सीमेअलीकडचे आम्ही आपोआप गळतो. बेंगळुरूवाल्याच्या हिशेबात आम्ही कर्नाटक, म्हणजे कन्नडच. बघतो मराठी, मोजले जातो भलतीकडे.

मराठी निर्मात्यांना, प्रकाशकांना एवढेच सांगणे: खूण करताना बेळगाव जिल्हाही धरा. निपाणी, खानापूर, बेळगाव अशी गावे वेगळी निवडता येतात. त्याला सीमाप्रश्न सुटण्याची वाट बघावी लागत नाही.

आणि वाचकांपैकी ज्यांना ॲपची भाषा मराठी करता येत नसेल, त्यांनी दुकानात यावे. दोन मिनिटांचे काम आहे, पैसे घेत नाही. रिचार्ज केलाच पाहिजे असेही नाही.

आपला,
एक दुकानदार वाचक, निपाणी